ऊर्मीची बसायची वेळ

बाळकृष्ण सबनिसांनी लेकीच्या वेळापत्रकात ‘सहा दहा ते सहा पन्नास’ या रकान्यात लाल शाईने ‘स्फूर्ती’ असं लिहिलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. ते रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते. गाड्या कशाही धावोत, कागदावर त्या वेळेवरच धावल्या पाहिजेत, असा त्यांचा बाणा होता.

ऊर्मीचं दुखणं मात्र खरं होतं. तांबरमच्या कॉलेजात इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, दिवसभर वर्ग आणि लॅब, घरी आल्यावर रेकॉर्ड वही. त्यात तिने इथल्या मराठी मंडळींच्या हस्तलिखित अंकासाठी कथा कबूल केलेली. गेल्या वर्षीही केली होती. ती आलीच नाही आणि संपादक राघोत्तमकाकांना दोन कोऱ्या पानांवर फुलदाणी काढून घ्यावी लागली. यंदा रविवारपर्यंत कथा मिळाली नाही, तर काका पुन्हा विचारणार नव्हते. आणि पोरीला लिहायचं होतं हो, अगदी मनापासून.

सोमवारी संध्याकाळी सहा दहाला ती बसली. आईने, म्हणजे क्षमाताईंनी, चटणी अर्धवट ठेवून मिक्सर बंद केला. ऊर्मीने पेनाचं टोपण काढलं आणि खालून घरमालकीणबाईंची हाक आली, “क्षमा! लॉरी आली! कुडं घेऊन बेगी ये!”

२००४चा उन्हाळा होता. गल्लीतले नळ दोन महिने कोरडे होते. पाण्याची लॉरी चुकली की दुसऱ्या दिवशीची आंघोळ चुकली. मायलेकी कुडं, म्हणजे प्लास्टिकच्या घागरी, घेऊन धावल्या.

मंगळवारी बाबांनी स्फूर्ती पहाटे साडेपाचला हलवली. लॉरी पाच बत्तीसला आली. बुधवारी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून ऊर्मी भर दुपारी दोनला बसली. दोनला लॉरी कधीच येत नसे. त्या दिवशी आली.

“बाबा, ही लॉरी माझ्यावर टपून आहे!”

“छे! पण मंगळवारी दोन मिनिटं लेट होती, ते मी लिहून ठेवलंय.”

घरमालकीण विशालाक्षीअक्कांनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. त्या मूळच्या तंजावरच्या. गुरुवारी त्या कॉफीचा पेला घेऊन वर आल्या.

“उद्या केव्हा बसणार तू?”

“कुठे, अक्का?”

“ते लिहायला बसतेस नं, ते. तू बसली की लॉरी येते. उद्या माझी नणंद येत्ये. पाचला बसशील?”

झालं! शुक्रवारी पाच वाजता ऊर्मीच्या दारापासून खालपर्यंत एकतीस घागरी रांगेत लागल्या. लॉरी रस्त्यावर उभी राहणार हे ठाऊक असूनही लोकांनी रांग जिन्यात लावली. ऊर्मी घामाघूम. एक शब्द सुचेना. समोरच्या घरातले गुंडोमामा, निवृत्त बँक कारकून, दार किलकिलं करून म्हणाले, “पेन चालतं का?”

“नाही.”

“मग लॉरी कशी यायची!” मामांनी वळून तसं जिन्याला जाहीर केलं. लॉरी आलीच नाही.

शनिवारी पुन्हा तेच. ऊर्मी रडवेली झाली. “आई, मी काकांना जमत नाही म्हणून कळवते.”

“कळव. पण आधी बाहेरच्यांना सांग.”

ऊर्मीने दार उघडलं. अक्का तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होत्या. कुणाची तरी घागर आपटली म्हणून गुंडोमामा त्या बाईला कुजबुजत झापत होते. चौघीजणी ऊर्मीकडे अशा आशेने बघत होत्या, की तिने हळूच दार लावलं. ती टेबलाशी गेली आणि आत्ता जे पाहिलं तेच लिहायला लागली. पेन थांबेना.

अर्ध्या तासाने खाली हॉर्न वाजला. सवयीने ती उठली, दार ओढलं. बाहेरून कडी!

“उठू नकोस!” अक्का ओरडल्या. “तू उठलीस तर लॉरी निघून जाईल! तुमची कुडं मी भरत्ये!”

तासाभराने कथा पुरी झाली.

रविवारी राघोत्तमकाका अड्याराहून आले. त्यांनी उभ्याउभ्याच कथा वाचली, त्यातल्या गुंडोमामांपाशी येऊन मोठ्याने हसले आणि चष्मा पुसला. “यंदा फुलदाणी नाही,” ते म्हणाले. ऊर्मीचे डोळेच भरून आले.

दारात चपला घालताना काका घुटमळले. “पुढच्या वर्षी तुला चार पानं ठेवतो.”

“खरंच, काका?”

“हो तर. फक्त... एकदा अड्यारला येऊन लिहायला बसशील का गं? आमच्याकडे पाच दिवस लॉरी फिरकलेली नाही.”

ऊर्मी काही बोलायच्या आत बाबांनी फ्रिजवरचा कागद काढून लाल पेन उघडलं होतं. “बुधवारी सहा दहा चालेल?”