पत्रकाची मागची बाजू

सकाळी सव्वासातला आमदारबाईंचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा होता.

"बाई, पत्रक वाचलं. दोन्ही बाजूंनी वाचलं," एवढं बोलून मास्तर खो खो हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

पत्रकाला छापलेली बाजू एकच असते, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दारातल्या वर्तमानपत्रातून आपलं पत्रक ओढून काढलं, उलटं केलं आणि मटकन खाली बसल्या.

नवे कायदे आणि मतदारसंघातल्या घडामोडी दर महिन्याला लोकांना कळवायच्या, हा बाईंचा नेम. त्यांचा सहायक मोठा टापटिपीचा माणूस. एका कागदावर तो दोन रकाने आखायचा. डावीकडे 'छापायचं' आणि उजवीकडे 'आपल्यासाठी', म्हणजे कुणी खोदून विचारलं तर बाई तोंडावर पडू नयेत म्हणून खरी परिस्थिती. मग कात्रीनं उजवा रकाना कापून बाईंच्या पर्समध्ये आणि डावा छापखान्यात. या महिन्यात कात्री जागेवर नव्हती. ऑफिस घराच्याच तळमजल्यावर, आणि वरच्या गॅलरीतल्या वेली छाटायला सासूबाईंनी ती नेली होती. सासूबाईंकडून वस्तू परत मागायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. सहायकानं कागद मधोमध दुमडला, उजवा रकाना मागे गेला, आणि कागद तसाच छापखान्यात धाडला. चाळीस वर्षं छपाई करणाऱ्या काकांनी पुढचं पुढे छापलं, मागचं मागे. नऊ हजार प्रती.

पुढे होतं : 'भाडेकरू संरक्षण कायदा मंजूर. चर्चेत मी हिरिरीनं भाग घेतला.' मागे होतं : 'चर्चा अकरा मिनिटं चालली. भाग घेतला म्हणजे टेबल वाजवलं. सातवं कलम आपल्यालाही कळलेलं नाही. कुणी विचारलंच तर चष्मा शोधावा.'

पुढे : 'कालव्यावरचा पादचारी पूल पूर्णत्वाच्या मार्गावर.' मागे : 'पूल अलीकडून निघालाय, पलीकडे पोचायची चिन्हं नाहीत. कंत्राटदार पक्षाध्यक्ष साहेबांचा मेहुणा. न बोललेलं बरं.'

पुढे : 'ज्येष्ठांसाठी बागेत बारा बाक.' मागे : 'बाक अकराच. बारावा सासूबाईंनी आपल्या गॅलरीत ठेवून घेतलाय. कुणी मोजायला लागलं तर झाडांचा विषय काढावा.'

आठ वाजता खुद्द साहेबांचा फोन आला.

"हे विरोधकांचं कारस्थान आहे म्हणून जाहीर करा. त्या छापखानेवाल्याला त्यांनी फोडलाय म्हणा आणि पोलिसात तक्रार द्या. आज संध्याकाळी पाचच्या आत."

"त्यांनी काहीच केलं नाही, साहेब."

"मग पुढच्या निवडणुकीचं तिकीट विसरा."

बोभाटा ऐकून धावत आलेले छापखानेवाले काका समोरच बसले होते. साहेबांचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू जायचा.

"काका, मागचं छापताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. म्हटलं, चला, एक तरी आमदार सुधारली. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या काढल्या." मग काकांचा आवाज उतरला. "तक्रार झाली तर छापखान्याला कुलूप लागेल, बाई. या वयात मी दुसरं काय करणार?"

बाईंना लाज वाटत होती, आणि लाजेच्या बुडाशी राग होता. दोन निवडणुका त्या साहेबांपुढे नंदीबैलासारखी मान डोलावत आल्या होत्या. पण ज्यानं आपल्या चुकाही दुरुस्त करून दिल्या, त्याच्याच गळ्यात गुन्हा अडकवायचा, हे काही घशाखाली उतरेना.

पाचला फाटकाशी ही गर्दी! सहायकानं खुलासा टाईप करून आणला. "बाई, दोनच ओळी आहेत. वाचा आणि सुटा."

"कात्री कुठाय?"

"अजून वरच आहे."

बाईंनी खुलासा हातानंच टराटरा फाडला आणि त्या पायऱ्यांवर आल्या.

"बाई, मागची बाजू खोटी आहे का?" दूधवाल्यानं विचारलं.

"नाही. पुढची खोटी आहे," बाई म्हणाल्या. "काकांनी दिलं तेच छापलंय. खाली नाव माझं आहे. पूल अर्धा आहे, आणि कुणामुळे अर्धा आहे तेही तुम्ही वाचलंय. तिकीट मिळो न मिळो, मी शब्द मागे घेणार नाही."

मग मास्तर म्हणाले, "ते झालं. पण बाक?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. गॅलरीत सासूबाई हातात कात्री घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. बाकाच्या पाठीवर ठळक पांढरी अक्षरं होती : 'आमदार निधीतून, ज्येष्ठ नागरिकांसाठी'. ती रस्त्यावरूनही वाचता येत होती. खुलासा वाचून 'विरोधकांचं कारस्थान' म्हटलं असतं, तर ते कारस्थान इथंच बाकावर बसलेलं सगळ्यांना दिसलं असतं.

"आई, तो बाक खाली पाठवा," बाई कशाबशा म्हणाल्या.

"नाही पाठवणार! मी ज्येष्ठ नाही का?" सासूबाई कडाडल्या. "बाग आहे कालव्याच्या पलीकडे. या गुडघ्यांनी मी काय उडत जाऊ? पूल करा, मी स्वतः बाक घेऊन येते. तोवर हा इथून हलायचा नाही!"

"आजींचं बरोबर आहे!" मास्तर ओरडले. "पूल नाही, तर बाक नाही!"

गर्दीनं ते उचललंच. दुसऱ्या दिवशी हीच घोषणा साहेबांच्या दारात झाली, तिसऱ्या दिवशी मेहुण्याच्या. आठवड्याभरात कालव्याच्या पलीकडच्या काठावर खोदकाम सुरू झालं.

महिना संपला. सहायकानं सवयीनं दोन रकाने आखून आणले. उजवीकडे पहिलीच ओळ होती : 'पुलाचं काम पलीकडून सुरू. बाक गॅलरीतच. तिकिटाचं काही खरं नाही.'

सासूबाईंनी कात्री आपणहून खाली आणून दिली. असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. "संध्याकाळी परत पाहिजे," त्या बजावून गेल्या.

बाईंनी कागद सरळ रेषेत कापला आणि उजवा तुकडा काकांच्या हातात दिला.

"आणि डावा?" सहायकानं घाबरत विचारलं.

"साहेबांना पाठवा. त्यांना तोच वाचायला आवडतो."