राज्यमंत्र्यांचा रक्तदाब

फीत कापताना आरोग्य राज्यमंत्र्यांना जांभई आली आणि कात्री बोटाला लागता लागता राहिली. सकाळपासून हे तिसरं उद्घाटन. नव्या इमारती मोठे मंत्री उघडत. धाकट्यांच्या वाट्याला जुन्या इमारतीचा नवा रंग, पाण्याची टाकी, नाहीतर आजच्यासारखी सरकारी इस्पितळात आलेली रक्तदाबाची नवी मशीनं येत.

ते पदच तसं होतं. फार पूर्वी एकदा सरकार बनवताना एक माणूस उरला आणि खुर्ची कमी पडली, म्हणून ते जन्माला आलं. पहिल्या राज्यमंत्र्यांनी "माझं काम काय?" असं विचारलं, तेव्हा "बघून सांगतो" असं उत्तर मिळालं. ते वाट बघता बघता निवडणूक हरले. पुढच्यांनी विचारणंच सोडलं. सभागृहात अवघड प्रश्न आला की मोठ्या मंत्र्यांचा घसा बसायचा आणि धाकट्यांनी उभं राहून बोलणी खायची, एवढी प्रथा मात्र पडून गेली.

"साहेब, जरा हात पुढे करता? फोटो चांगला येईल," फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी बाही वर केली. पट्टा फुगला, मशीन गुरगुरलं आणि आकडा आला : एकशे नव्वद. अधीक्षक डॉक्टरांचा चेहरा पडला. कॅमेरे पुढे सरकले.

"मला काही होत नाहीये," साहेब म्हणाले.

"तेच तर वाईट लक्षण आहे," अधीक्षक म्हणाले. सगळ्या वार्ताहरांदेखत मंत्र्याला असंच सोडलं आणि वाटेत काही झालं, तर नोकरी गेली, हे त्यांना कळत होतं. साहेबांना खाटेवर निजवण्यात आलं.

खाट मऊ होती. फोन काढून घेतलेला होता. साहेब किती दिवसांनी असे पाठीवर पडले होते कोण जाणे. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर बातमी फुटली : राज्यमंत्री नाराज! राजकारणातला माणूस इस्पितळात गेला की तो आजारी असतो यावर कोण विश्वास ठेवणार? विरोधी नेते फळांची टोपली घेऊन आले आणि कानाशी लागून म्हणाले, "आमचं दार उघडं आहे हं." साहेब म्हणाले, "जाताना हे दार तेवढं लावून घ्या." त्याचा अर्थ काय, यावर बाहेर तासभर चर्चा झाली.

मग मोठ्या मंत्र्यांनी अधीक्षकांच्या फोनवर गाठलं. "स्पष्ट बोला. काय हवंय तुम्हाला?"

"झोप."

"कोडी घालू नका हो! कुठलं खातं हवंय?"

संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. आकडा ऐकून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्हाला रक्तदाब? सभागृहात लोक अंगावर धावून येतात तेव्हा तुम्ही पेंगत असता." तिनं खाटेशेजारच्या त्या मशीनचा पट्टा आपल्या दंडाला गुंडाळला. एकशे नव्वद. मग इकडेतिकडे बघून तो उशीला बांधला.

"अहो, उशीलासुद्धा एकशे नव्वद!"

"तिलाही खात्याचा ताण असेल," साहेब डोळे मिटूनच म्हणाले.

तरी त्यांनी बायकोच्या फोनवरून मोठ्या मंत्र्यांना फोन लावला. उशीचा आकडा सांगितला. पलीकडून आवाज आला, "मशीन उत्तम आहे. खरेदी मी केलीय. तुम्ही आजारीच आहात, आणि चांगले आठवडाभर आजारी राहणार आहात. समजलं?"

साहेबांना समजलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आठवडाभर ना फीत, ना भाषण! "ठीक आहे," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. बायकोनं डबा आवरला, उशीचा पट्टा सोडून त्यांच्या हातात ठेवला आणि निघून गेली. त्याचा अर्थ त्यांना कळला. झोप लागेना.

सकाळी इस्पितळाच्या कपड्यांतच ते व्हरांड्यात फिरायला गेले. त्या कपड्यांत कुणी ओळखलं नाही. बाकावर एक शिवणकाम करणारी बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती.

"बरं वाटत नाही का, ताई?"

"काल त्या नव्या मशीनवर मोजलं, गोळ्या दिल्या. तेव्हापासून उठलं की डोळ्यापुढे अंधार. आज शिवणाच्या मशीनपुढेच पडले. सुई धरवत नाही हो."

"मग गोळ्या बंद करा. मशीन चुकीचं असेल."

बाईनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काका, अहो आरोग्यमंत्र्यालाच तेवढं निघालंय. मशीन खोटं असतं तर मंत्री झोपला असता का इथं?"

साहेबांनी तडक जाऊन अधीक्षकांना शोधलं. "त्या बाईंना जुन्या यंत्रावर तपासा. सगळ्यांनाच. आत्ता."

"पण मोठे साहेब..."

"मला शिव्या खायची सवय आहे. माझं नाव सांगा."

दुपारी मोठे मंत्री फुलं आणि वार्ताहर घेऊन आले. "आमच्या सहकाऱ्याची तब्येत सुधारतेय," ते म्हणाले.

"मी ठणठणीत आहे," खाटेवर उठून बसत साहेब म्हणाले. "आजारी आहे ते मशीन." आणि सगळ्यांसमोर त्यांनी उशीला पट्टा बांधला. आकडा आला. खोलीत कुणी हसेना. आपलं पद गेलं, हे साहेबांनी ओळखलं. त्यांना त्याचं दुःखही करवेना, इतके ते दमले होते.

मोठ्या मंत्र्यांनी क्षणभर उशीकडे पाहिलं. मग ते पुढे आले आणि साहेबांच्या पाठीवर जोरात थाप मारली. "शाब्बास! मित्रहो, आता सांगायला हरकत नाही. मशीनबद्दल मला पहिल्यापासून संशय होता. म्हणून मीच यांना रुग्ण बनवून इथं पाठवलं!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी उशीचा पट्टा सोडला. मशीनं त्याच दिवशी परत गेली. बाईच्या गोळ्या थांबल्या.

योजना मात्र लोकांना फारच आवडली. इतकी, की दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला : राज्यमंत्र्यांनी प्रत्येक सरकारी इस्पितळात असंच भरती होऊन तपासणी करावी. सोमवारी त्यांना पोटदुखी ठरवून दिली होती. त्यापुढच्या आठवड्यात कंबर.

"बघ, शेवटी खाट मिळाली," साहेब बायकोला म्हणाले.

ती बॅगेत टॉवेल ठेवत होती. "पोट कुठल्या बाजूनं दुखवायचं ते विचारलंत का?" तिनं विचारलं. "डावीकडेच सांगा. उजवीकडे म्हणालात तर अपेंडिक्स समजून कापून मोकळे होतील."