टर्बोवीरच्या गुडघ्यातला तांदूळ

दसऱ्याच्या दिवशी कुंदाबाईंच्या घरात ज्या वस्तूला चाक आहे तिची पूजा होते. स्कूटर, मोटारसायकल, सायकल हे तर झालंच. पण सिलिंडर सरकवायची चौकट, चाकांची बॅग, आणि एका वर्षी तर पाहुण्यांच्या लेकराचा पांगुळगाडासुद्धा, लेकरू आत उभं असताना. दिग्रसच्या त्यांच्या गल्लीत याचं आता कोणाला नवल वाटत नाही. तेव्हा त्या सकाळी हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्या सलीलच्या खोलीत शिरल्या आणि टेबलावर एक निळा ट्रक आणि शेजारी बोटभर लांबीची लाल गाडी त्यांना दिसली, तर पुढं काय झालं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

सलील तेव्हा गच्चीवर पांढरी चादर आणायला गेला होता. ती टेबलामागे टांगायची, म्हणजे व्हिडिओत भिंतीचे पोपडे दिसत नाहीत. कुंदाबाईंचा हा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर झाला, लग्न झालं, चौतिशीला आला आणि मोबाइलसमोर बसून खेळण्यांची परीक्षणं करू लागला. कोणती गाडी किती पळते, कोणत्या बाहुलीचा हात लवकर निखळतो, हे तो इतक्या कळकळीनं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरात चार पोरं असतील. घरात एकही नव्हतं.

आजवर खेळणी तो स्वतःच विकत आणायचा. या वेळी मात्र पुण्याच्या एका कंपनीनं आपणहून खोका पाठवला होता. खेळण्याचं नाव टर्बोवीर. उभा केला की रोबो, दुमडला की गाडी. ती गाडी उतारावरून ट्रकमध्ये चढायची, ट्रकची क्रेन तिला उचलून वर ठेवायची. कंपनीतली आभा नावाची मुलगी फोनवर म्हणाली होती, "दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत व्हिडिओ हवा. साहेबांना आवडला तर आमची सगळी नवी खेळणी तुमच्याकडेच येतील."

आणि नाही आवडला तर चारुमामा तयारच होते. चारुमामा म्हणजे कुंदाबाईंचे भाऊ चारुदत्त, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात मॅनेजर. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला, ऑफिसात माणूस हवा होता. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीच घ्यायले येतो त्याले," असं त्यांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं. वडिलांनी, नंदकिशोररावांनी, लगेच मान हलवली होती. सलीलनं कशीबशी एका व्हिडिओची मुदत मागून घेतली होती. हा जमला तर जिनिंग नाही, नाही जमला तर आयुष्यभर सरकीचा वास.

तो चादर घेऊन खाली आला, तर ट्रकच्या टपावर स्वस्तिक. क्रेनला झेंडूची माळ. चारही चाकांखाली चार लिंबं. आणि टर्बोवीरवर कुंकवाचा ओला टिळा, त्यावर चिमूटभर अक्षता, वरून फुलानं शिंपडलेलं पाणी.

"आई, हे काय करून ठेवलं?"

"पूजा केली. तुह्या कामाची पयली गाडी हाय न ते."

"गाडी नाही ते, खेळणं हाय."

"खोक्यावर गाडीचं चित्र हाय. मी पाह्यलं," कुंदाबाई म्हणाल्या आणि कढीला फोडणी द्यायला निघून गेल्या.

सलीलनं लिंबं काढली, माळ काढली, कुंकू रुमालानं पुसलं आणि सराव म्हणून टर्बोवीर उघडायला घेतला. डोकं बाहेर आलं, हात बाहेर आले, पाय मात्र येईनात. डाव्या गुडघ्याच्या फटीत काहीतरी पांढरं दिसत होतं. आता परत गाडी करावी म्हटलं, तर हात आत जाईनात. कमरेवर वीर आणि कमरेखाली टर्बो अशा अवस्थेत तो प्राणी त्याच्या तळहातावर बसून राहिला.

"मिताली, इकडं ये लवकर," त्यानं बायकोला हाक मारली.

मितालीनं पाहिलं, हसू दाबलं, केसातली पिन काढली. "तांदूळ हाय. आत्ता काढते." पिन घातली, जरा दाबली, कुट्ट असा आवाज आला. तांदळाचे दोन तुकडे झाले. एक बाहेर पडला, दुसरा आणखी आत गेला.

"निघाला न अर्धा?" ती म्हणाली.

"अन् अर्धा?"

"तो नाई निघाला."

एवढ्यात नंदकिशोरराव पेपर घेऊन दारात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कालव्याचे दरवाजे तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे काहीही अडकलं की त्यांना आतून उत्साह येतो. तो त्यांनी अर्थातच दाखवला नाही. "इंजिनिअर केलं पोराले, अन् हे बाहुल्याचे गुडघे पाहून राह्यलं," असं आधी म्हणून घेतलं. मग म्हणाले, "आण इकडं."

चष्मा लावून त्यांनी टर्बोवीर सगळ्या बाजूंनी पाहिला. दारावर दोनदा टकटक करावी तसं बोटानं वाजवलं. "कुंकू चिकटलं हाय. कोमट पाण्यात ठेव, मऊ पडीन, दाणा आपोआप वाहून जाईन. दरवाज्यात गाळ बसला की आम्ही हेच करू."

"बाबा, नक्की?"

"सारी नोकरी काय केलं मग मी?"

वाटीभर कोमट पाण्यात टर्बोवीर बसला. जेवणं होईपर्यंत तो तसाच बसला होता. आता, तांदूळ कोमट पाण्यात ठेवला की काय होतं, हे त्या घरातली स्वयंपाकघरात जाणारी दोन्ही माणसं सांगू शकली असती. पण त्यांना कोणी विचारलं नाही. बाहेर काढला तेव्हा दाणा चांगला टम्म फुगला होता आणि आधी थोडा हलणारा गुडघा आता मुळीच हलत नव्हता. वाटीतलं पाणी मात्र सुंदर लाल झालं होतं.

"भिजले," मिताली म्हणाली. "आता शिजवायचे काय?"

नंदकिशोररावांनी पेपर उघडला आणि बराच वेळ एकच पान वाचलं.

चार वाजता सोनं द्यायला डोंगरसिंग आले. गावाबाहेरच्या तांड्यावरचे शेतकरी, नंदकिशोररावांचे कालव्याच्या दिवसांपासूनचे दोस्त. हातात आपट्याची पानं, डोक्यावर नवी टोपी. "रामराम साहेब. रामराम वयनी. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणत त्यांनी सगळ्यांना पानं वाटली आणि मग सलीलचा चेहरा त्यांच्या लक्षात आला. "काहून रे भिया, सणाचा दिवस अन् असा बसला?"

सलीलनं हकीकत सांगितली. डोंगरसिंगांकडे ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टर असलेल्या माणसाला जगातली सगळी यंत्रं आपल्या नात्यातली वाटतात.

"एवढंच न? तेल टाका. अन् एक झटका. माह्या ट्रॅक्टरचा गिअर अडकला की मी असंच करतो."

"काका, हे लहान हाय."

"लहान हाय म्हणून लहान झटका देतो."

देव्हाऱ्यातलं तिळाचं तेल आलं. दोन थेंब पडले. डोंगरसिंगांनी टर्बोवीरला चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि लहान झटका दिला. त्यांच्या हिशेबानं तो लहानच होता. टर्बोवीरचा डावा पाय सुटला, खोलीभर फिरला आणि दारातून थेट स्वयंपाकघरात जाऊन बासुंदीच्या पातेल्यात पडला.

"निघाला," डोंगरसिंग म्हणाले.

कुंदाबाई झाऱ्यानं तो पाय घेऊन बाहेर आल्या. बासुंदीचं त्यांना काही वाटलं नव्हतं. "आजच पूजा झालेली गाडी अन् आजच मोडली," त्या पुटपुटल्या.

इथं सलीलचा तोल गेला. "तुह्या पूजेनंच मोडली. सकाळी हात लावला नसता, तर आत्तापर्यंत व्हिडिओ गेला असता. माहं काम खाल्लं तुह्या अक्षतांनी. उद्या जातो जिनिंगमध्ये, मग पूज माहा डबा."

कुंदाबाईंनी पाय टेबलावर ठेवला. झारा घेऊन आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. सलीलला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण माफी मागायला उठावं तर सगळे त्याच्याकडे पाहत होते. दसऱ्याच्या दिवशी आईला टाकून बोललो, असं मनाशी म्हणत तो बासुंदीनं माखलेला तो पाय पुसत बसला.

नंदकिशोरराव मात्र उठले. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, खुंटीवरची टोपी घातली आणि सलीलच्या खुर्चीत, पांढऱ्या चादरीपुढं जाऊन बसले.

"मोबाइल चालू कर."

"कायले?"

"परीक्षण करायचं हाय न तुले? मी करतो. तू शिक." मितालीनं मोबाइल चालू केला. तिनं सलीलकडे पाहिलंच नाही, कारण पाहिलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं.

कॅमेऱ्यापुढं नंदकिशोररावांची भाषा एकदम सरकारी झाली. "नमस्कार. मी निवृत्त शाखा अभियंता. सदर वस्तूची आज आमच्या घरी पाहणी झाली. ट्रक मजबूत आहे. उताराचा चढ योग्य आहे. क्रेन समाधानकारक आहे. आता रोबो. खोक्यावर हे वाहन असल्याचं छापलं आहे. आपल्याकडे वाहन म्हटलं की दसऱ्याला त्याची पूजा होणार. पूजा म्हटली की अक्षता पडणार. माझ्या पत्नीनं वाहनाची पूजा केली, यात तिची काहीही चूक नाही. माझ्या स्कूटरवर इतकी वर्षं अक्षता पडल्या, ती कधी गुडघ्यात अडकली नाही. याच्या गुडघ्याला फट ठेवली आहे आणि त्यात तांदूळ बसतो. कंपनीनं फट बुजवून वस्तू पुन्हा सादर करावी. तोवर माझा शेरा प्रतिकूल आहे."

कोमट पाण्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. झटक्याचाही केला नाही, कारण डोंगरसिंग समोरच बसले होते. शेवटी पांढऱ्या चादरीपुढं त्यांनी एका हातात टर्बोवीर आणि दुसऱ्या हातात त्याचा पाय धरून दाखवला.

"हे पाठवू?" मितालीनं विचारलं. संध्याकाळ झाली होती, दुसरं काहीच नव्हतं.

"पाठव," सलील म्हणाला. "तसंही उद्या जायचंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुमामा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर भाच्याला मार्गाला लावल्याचं समाधान. सलीलनं बूट घातले. कुंदाबाईंनी डबा आणून ठेवला आणि त्याच्याकडे न पाहता पोळ्यांकडे परतल्या. तो उचलणार तोच फोन वाजला, त्यानं तो स्पीकरवर टाकला. आभा.

"सलील सर, व्हिडिओ पाहिला आम्ही."

"मॅडम, सॉरी. मोडलेल्या खेळण्याची भरपाई मी करीन."

"अहो, ऐका तर. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे तक्रारी येतात, जुन्या रोबोंचा गुडघा अडकला म्हणून. दरवर्षी. आम्हाला वाटायचं, मुलं माती घालतात. साहेबांनी कारखान्यात माती घालून घालून पाहिली, काही अडकेना. काल तुमच्या बाबांनी तांदूळ म्हटलं आणि साहेब खुर्चीतून उठलेच."

सलीलनं बूट काढला. एकच, कारण दुसऱ्या हातात फोन होता.

"आता दुरुस्त केलेला टर्बोवीर पाठवतोय," आभा म्हणाली. "आणि सोबत आमच्या सगळ्या गाड्या. बाजारात जाण्याआधी प्रत्येकीची तुमच्या घरी पूजा व्हायला हवी. अगदी तशीच. तुमच्या आईंच्याच हातची. हे काम आता कायमचं तुमच्याकडे."

चारुमामांनी डबा हळूच परत ओट्यावर ठेवला. नंदकिशोरराव उगाचच खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांची मान मात्र ताठ झाली होती. सलील स्वयंपाकघरात गेला. एका पायात बूट होता, तो आईनं पाहिला आणि पोळी लाटत राहिली.

"आई, काल मी जास्त बोललो. चुकलं माहं."

"हाव, चुकलं," कुंदाबाई म्हणाल्या. आवाज थोडा ओला होता. "पुढं बोल."

"खोकाभर गाड्या येऊन राह्यल्या. त्यांची पूजा पायजे."

"दसरा झाला."

"कंपनीले तपासायचं हाय, म्हणून..."

"तपासाले पूजा?" त्यांनी पोळपाट बाजूला ठेवला. "देवाले का नोकरीवर ठेवलं तुह्या कंपनीनं? खोटी पूजा मी करत नाई. सांग त्याईले."

दारातून मिताली आणि मामा ऐकत होते. आता सगळं या एका बाईच्या हो-नाहीवर येऊन थांबलं होतं, आणि हे तिलाही कळत होतं. तिनं पोळपाट परत ओढला, पोळी लाटली, तव्यावर टाकली, पालथी केली. घाई अजिबात केली नाही.

"खरी करायची असीन तर करीन," शेवटी त्या म्हणाल्या. "एका दिवशी एकच गाडी. अमावास्या नाई, ग्रहण नाई. अन् जे गाडीचा मालक हाय, त्यानं सूर्य उगवाच्या आत आंघोळ करून, सोवळं नेसून, पाटावर बसाचं. उपाशी. मालक कोण?"

सगळ्यांनी सलीलकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात खोका आला. दिवाळीच्या तोंडावरच्या थंडीत, उजाडायच्या आधी, सलील ओल्या केसांनी पाटावर बसला होता. अंगावर आजोबांचं सोवळं, समोर चौरंगावर एक हिरवा बुलडोझर, आणि कुंदाबाई शांतपणे त्याच्यावर एकेक अक्षता टाकत होत्या. मिताली व्हिडिओ घेत होती. सकाळची पहिली बस पकडायला निघालेले चारुमामा दारात थांबले, भाच्याचे वाजणारे दात त्यांनी थोडा वेळ ऐकले.

"आमच्या ऑफिसात दहाले यायचं होतं," ते म्हणाले. "अन् आंघोळीचं तर आम्ही कोणाले विचारतही नाई."