भांडण नसलेली जागा

माझी गयाआत्या प्लॉट विकत घेण्याआधी त्यावर सतरंजी टाकून दिवसभर बसते. डबा नेते, पाण्याची बाटली नेते आणि कुणी भांडायला येतं का याची वाट बघते. कुणी आलं तर खूश होते. कुणीच आलं नाही तर प्लॉट सोडून देते.

"ज्या जागेवर भांडण न्हाई, तिथं डाव हाय," म्हणते.

डाव तिला सगळीकडे दिसतो. भाव कमी असला तर डाव, जास्त असला तर मोठा डाव. नमस्कार करणारा दलाल अचानक जय भीम म्हणाला, की ती पर्स छातीशी धरते. नांदेडच्या घरी मी एकदा न सांगता भांडी घासली, तर दारात उभी राहून विचारते, "काय पाहिजे तुला?"

आमचं कुटुंब प्लॉट घेतं, ठेवतं, भाव चढला की विकतं. बाबा कागद बघतात, आत्या माणसं बघते. मला हा धंदा पटत नाही. जमीन राहायला असते, भाव चढायची वाट बघायला नाही, असं मी पत्रकांत लिहिते आणि ती चौकात वाटते. ती छापायला पैसे कुठून येतात, हे आत्या जेवताना सगळ्यांदेखत विचारते.

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या कडेला शेजारीशेजारी दोन प्लॉट विकायला निघाले. मालक म्हणाला, "मावशी, जागा एकदम क्लिअर. कुत्रं पण विचारणार न्हाई."

झालं! आत्या मला घेऊन निघालीच. पुढच्या प्लॉटवर आम्ही सतरंजी टाकली. मागच्या छोट्या प्लॉटवर पत्र्याची एक खोली होती. मालकाच्या बोलण्यात ती कुठंच नव्हती.

डबा उघडतो तोच त्या खोलीतून एक बाई हातात खराटा घेऊन आली.

"कोण गं तुम्ही? उठा इथून!"

"तू कोण?" आत्याचा चेहरा फुलला.

"मी शेवंता. नवरा होता तवापासून इथं राखण हाय माझी. तो गेला, मी हाय."

"कागद हाय का?"

"कागदानं काढले का इथले काटे? मी काढले!"

"मालक तर म्हणला, कुणीच न्हाई इथं."

खराटा खाली आला. "मला म्हणला, इकलं की निघ."

"मग निघणार?"

"तू काढून तर बघ!"

आत्यानं सरकून तिला सतरंजीवर जागा केली आणि भाकरीवर ठेचा वाढला.

परतताना एसटीत मी धुमसत होते. मनातल्या नव्या पत्रकाचं शीर्षक ठरलं होतं, आणि त्यात आत्याचं नाव होतं.

"शेवंताबाईंना बाहेर काढणार ना तू?" मी विचारलं.

"तुला लई घाई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

आठवड्याभरात तिनं सौदा ठरवला. पैसे दोन्ही प्लॉटचे आम्ही द्यायचे, पण मागचा प्लॉट शेवंताबाईंच्या नावावर करायचा.

"अक्का, येडी झालीस का?" बाबा ओरडले. "धंदा करून राहिलो का दान?"

"धंदाच. उद्या ती कोर्टात गेली म्हणजे? वर पुढच्या प्लॉटला फुकटात राखण."

बाबांना ते पटलं. मला नाही. मी तिचीच भाची. यात डाव कुठं आहे ते शोधत राहिले.

रजिस्ट्रीच्या दिवशी शेवंताबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि घाबरल्या. खराटा घेऊन धावून आलेली बाई खुर्चीत एवढीशी दिसायला लागली. आत्या पुढं झाली, तिनं त्यांचा पदर नीट केला.

"मान वर कर. तुझी जागा हाय."

बाहेर आल्यावर मी आत्याला अडवलं. "खरं सांग, का केलंस?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लहानपणी बिलोलीला आम्ही दुसऱ्याच्या गोठ्यामागं राहायचो, पोरी. मालकाच्या मनात आलं की म्हणायचा, उठा. तुझी आजी चूल विझवायची, भांडी उचलायची, आम्हाला उचलायची. एक शब्द बोलायची न्हाई. लई गुणाची बाई, म्हणायचे गावात."

मग हातातली पिशवी माझ्याकडे देऊन ती नळावर तोंड धुवायला गेली.