लोड काढ, बोर्ड लाव

ऑफिसात फार गडबड असते, म्हणून शेवटची मोजणी घरीच करायची असं मी ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली. सहा महिने खपून मी रेडिओचा एक बोर्ड तयार केला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. पाचच्या आत त्याचं रीडिंग पोचलं नाही तर साहेब ते काम दुसऱ्याला देणार होते. बोर्ड हरवू नये म्हणून मी तो शर्टाच्या खिशात ठेवला (मी फार व्यवस्थित माणूस आहे) आणि जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं. शेजारी दिवाणावर सासूबाई लोडाला टेकून बसल्या होत्या.

“केबलमध्येच थोडी चूक असते,” मी मायलेकींना समजावलं. “आधी ती मोजायची, मग वजा करायची. तोवर केबल हलता कामा नये. तुम्हीही हलू नका!”

“श्वास घेतला तर चालेल?” बायकोनं विचारलं.

“हळू घे.”

दोन्ही हातांनी केबल धरून मी मशीनच्या पडद्यावर डोळे खिळवले. बायको केबलच्या टोकाला एकेक पितळी टोपण लावत गेली. त्यातल्या तिसऱ्याला आमच्या धंद्यात ‘लोड’ म्हणतात. (हे तिला सांगायचं राहिलं.)

“झालं! लोड काढ, बोर्ड लाव!”

मागे धप्पकन काहीतरी पडलं, सासूबाई “अगंबाई!” म्हणाल्या, मग दाराशी खुडबुड झाली. मी मान वळवली नाही. (संशोधक वळवत नसतो.)

आणि पडद्यावर काय रेघ आली म्हणता! सिग्नल जराही परत फिरत नव्हता, म्हणजे बोर्ड अव्वल! मी लगेच रीडिंग पाठवलं. साहेबांचा फोन आला, “कमाल केलीत! दोनशे बोर्ड करायला सांगतोय!”

माझी छाती फुगली, तसं खिशातलं काहीतरी टोचलं. बोर्ड!

“अगं, मग केबलला काय लावलंयस?”

“तिसरं टोपण. तुम्हीच तर सांगितलंत.”

“लोड काढ म्हणालो ना मी?”

“काढला की! आईच्या पाठीमागचा.”

“आणि बोर्ड?”

तिनं दाराकडे बोट दाखवलं. तिथे पुठ्ठा लटकत होता: ‘काम चालू आहे. आत येऊ नये.’

मला दरदरून घाम फुटला. ते टोपण बनवलेलंच असतं सिग्नल गिळायला! साहेबांनी कौतुक केलं होतं ते टोपणाचं. साहेबांना खरं सांगायला मी फोन उचलला.

“जावईबापू,” मघापासून पाठ ताठ धरून बसलेल्या सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या, “चूक केबलमध्ये नव्हती हे ठरलं असेल, तर माझा लोड देता का?”