खिडकीची जागा धर वं बाई

आमच्या आणि देवाजीभाऊंच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. रोज सकाळी त्या भिंतीपलीकडून घोषणा होते.

"स्वयंपाकघराहून अंगणाकडे जाणारा चहा फलाट क्रमांक एकवर लागला आहे. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी."

प्रवासी म्हणजे मी. फलाट क्रमांक एक म्हणजे भिंतीची सपाट कड. मी ब्रश तोंडात घेऊन बाहेर येईपर्यंत कप तिथे वाफाळत असतो आणि शेजारी देवाजीभाऊ गंभीर चेहऱ्याने उभे असतात. पाहुण्याला वाटतं की हा माणूस गंमत करतोय. नाही. देवाजीभाऊंनी चंद्रपूरच्या बसस्थानकावर सगळी नोकरी माइकसमोर काढली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर.

वीज गेली की "तांत्रिक बिघाडामुळे कूलरसेवा खंडित झाली आहे." माझा मुलगा उशिरा उठला की "ही गाडी नियोजित वेळेपेक्षा विलंबाने धावत आहे." त्यांची बायको कमलबाई रुसून बहिणीकडे निघाली, तेव्हा आम्ही सगळे दारात जमलो होतो. त्यांनी घोषणा केली, "बाबुपेठकडे जाणाऱ्या प्रवाशाने आपले सामान तपासून घ्यावे." कमलबाईंनी पिशवी तपासली. चष्मा राहिला होता. चष्मा आणायला आत गेल्या आणि मग कशाला जायचं म्हणून गेल्याच नाहीत.

या माणसाकडे दोन आवाज आहेत. एक माइकचा. तो स्वच्छ, भारदस्त, एकही अक्षर न खाणारा. दुसरा घरचा. तो फार क्वचित निघतो आणि निघाला तर "मीठ कमी हाय" एवढ्यावर संपतो. कमलबाई म्हणतात, "यायच्या तोंडात सोताचं बोलनंच नाई. साऱ्या दुनियेले गाडीत बसवलं, घरच्या मानसाले बस म्हनता येत नाई."

हे त्या उगाच म्हणत नाहीत. त्यांची एकुलती मुलगी रत्ना. नर्सच्या नोकरीवर सिरोंचाला गेली आणि तिथेच श्रीनिवास नावाच्या शिक्षकाशी तिने लग्न ठरवलं. घरी तेलुगू बोलणारा, अतिशय सरळ मुलगा. देवाजीभाऊंचा विरोध जातीला नव्हता, भाषेला नव्हता. ते एकच म्हणाले, "लय दूर हाय." त्यानंतर त्या विषयावर गप्प. लग्न झालं, आणि रत्ना नवऱ्याबरोबर निघाली तेव्हा देवाजीभाऊंनी रजा घेतली नाही. ड्युटीवर होते. मुलगी फलाटावर उभी, आई रडते आहे, आणि वरून बापाचा आवाज येतो आहे: "आलापल्ली मार्गे सिरोंचाकडे जाणारी बस फलाट क्रमांक चारवर लागली आहे." कमलबाई सांगतात, ती घोषणा त्यांनी पुन्हा पुन्हा केली. गाडी हलली तरी चालू होती. पण केबिनच्या बाहेर ते आले नाहीत. रत्ना शेवटपर्यंत केबिनच्या काचेकडे पाहत होती.

त्यानंतर ती माहेरी आलेली नव्हती. आईशी फोनवर बोलायची. ये म्हटलं की एकच सांगायची, "बाबा बोलावतीन तं येइन." आमच्याकडे उन्हाळा लागला की गल्लीतल्या घराघरात लेकी येतात, पोरांचा गलका होतो. देवाजीभाऊंच्या घरात तेवढ्या दिवसांत कूलरचाच काय तो आवाज.

निवृत्तीनंतर बसस्थानकावर यंत्र आलं. आधी रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. देवाजीभाऊ रोज दुपट्टा बांधून तिथे जायचे आणि भोंग्याखाली उभे राहून त्या आवाजाच्या चुका सुधारायचे. यंत्र म्हणायचं फलाट दोन, हे खालून म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, गाडी तीनवर उभी आहे." लोक यांचंच ऐकायचे. गाडी तीनवरच असायची.

एकदा मी सोबत असताना तिथेच त्यांना आरिफने गाठलं. आरिफचं आमच्या चौकात लग्नाच्या साउंडचं दुकान आहे. मागच्या खोलीत तो गाणी तयार करतो. त्या वर्षी त्याला लग्नसराईसाठी नवं गाणं हवं होतं.

"चाचा, तुमचा आवाज द्या. खाली डीजे, वरती तुमची अनाउन्समेंट. लोक पागल होतीन."

"कोनती गाडी?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"कोनती बी."

"कोनती बी गाडी नसते, बाबू. येनारी का जानारी?"

आरिफ माझ्याकडे बघायला लागला. देवाजीभाऊंनी स्वतःच ठरवून टाकलं. "सिरोंचा ते चंद्रपूर. येनारी गाडी."

जन्मभर जाणाऱ्या गाड्या सांगितलेला हा माणूस येणारी गाडी का मागतो आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रेकॉर्डिंगला मी हजर होतो, कारण देवाजीभाऊंनी मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. "अकौंटंट मानूस सोबत असला तं बरं असते," असं त्यांचं मत. आरिफच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखाही बंद. बाहेर मे महिना. देवाजीभाऊंनी दाराशी चपला काढल्या. माइकसमोर ते चपला घालून कधीच उभे राहिले नाहीत. ही सवय केबिनमधली.

आरिफने आधी त्यांना गायला लावलं. त्याबद्दल न लिहिणंच बरं. आरिफनेच हात जोडले, "चाचा, गाऊ नका. नुसती गाडी सोडा."

मग त्यांनी गाडी सोडली. सिरोंचा, बामणी, जिमलगट्टा, रेपनपल्ली, आलापल्ली, लगाम, आष्टी, गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूर, चंद्रपूर. खालून ढोलकीचा ठोका आणि वरून हा आवाज. मी त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन, पण त्या गावांची नावं इतकी देखणी आहेत हे मला त्या भट्टीसारख्या खोलीत घामाने निथळताना पहिल्यांदा कळलं. अंगावर काटा आला.

आरिफचं समाधान नव्हतं. "गाना लंबा होऊन राह्यला, चाचा. लगाम आन् कोठारी काढून टाकू."

"काऊन?"

"ठेका बसत नाई ना."

"तिथी कोनी उतरनार असन तं?"

"अबे चाचा, हे गाना हाय, टाइमटेबल नाई!"

"स्टॉप गाळता येत नाई. कोठारीच्या मानसाले बल्लारपूरले उतरवता? भर उन्हात?"

दोघेही हटेनात. आरिफ डोक्याला हात लावून बसला, मी पाण्याचा ग्लास देवाजीभाऊंच्या हातात दिला. ते पाणी प्यायले, थोडं तोंडावर मारलं. आणि कोणाकडेच न बघता, त्या दुसऱ्या आवाजात, घरच्या, हळूच बोलून गेले:

"खिडकीची जागा धर वं बाई. डाव्या अंगाले बस. उजव्या अंगाले ऊन येते."

माइक चालू होता.

आरिफने ते परत लावलं. देवाजीभाऊ दचकले. "ते काढून टाक. ते घरचं बोलनं होय."

"चाचा," आरिफ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, "हाच तं गाना हाय."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी सौदा ठरला. घरचं बोलणं राहील, पण एकही स्टॉप गळणार नाही. कोठारीसाठी आरिफने ठेकाच बदलला. आज गाण्यातली तीच जागा सगळ्यांना सर्वांत जास्त आवडते.

पुढचं मी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. हे गाणं अमुक इतक्या लोकांनी ऐकलं, असे मोठमोठे आकडे सांगणारे भेटतात. ते आकडे मी तपासलेले नाहीत, म्हणून लिहीत नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

मूल गावाजवळच्या एका लग्नात ते लागलं, तेव्हा जेवणाच्या पंगतीतून लोक उष्ट्या हाताने उठले. "जिमलगट्टा" आलं की एका कोपऱ्यातून आरोळी, "आष्टी" आलं की दुसऱ्या कोपऱ्यातून. आपल्या गावाचं नाव गाण्यात येतं, यात इतका आनंद भरलेला असेल याची मला कल्पना नव्हती. आणि "डाव्या अंगाले बस" आलं की सगळा मांडव डावीकडे झुकायचा. नवरा, नवरी, वाजंत्री, फोटोवाला. माझी बायको, जी स्वतःच्या लग्नातही नाचली नव्हती, तीही झुकली. मी बाजूला उभा होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं. बायको म्हणते, मीही झुकलो होतो.

त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर तेच, रसवंतीवर तेच, जिवतीच्या डोंगरातल्या वरातीतही तेच. त्याच रस्त्यावरच्या बोरीचे दोन जण तक्रार घेऊन घरी आले की आमचं गाव काऊन नाई. देवाजीभाऊंनी त्यांना सरबत पाजलं आणि सांगितलं, "जलद गाडी होय. थांबत नाई." ते पटून परत गेले.

मी हिशेबी माणूस, मला एक शंका होती. "भाऊ, गाडी उत्तरेकडे येते. सकाळी ऊन उजवीकडे, मान्य. पण दुपारनंतर ते डावीकडे येणार. मग?"

"मंग अर्धी गाडी खाली झाली असते. जागा बदलाव," ते म्हणाले. सगळा विचार करून ठेवलेला होता.

त्यांचा सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, गर्दी. बोला म्हटल्यावर उठले, चपला काढल्या, माइकवर तीनदा बोट वाजवलं, म्हणाले, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." आणि बसले. टाळ्या थांबेनात. पण मी शेजारच्या खुर्चीवर होतो. त्यांनी मला हळूच विचारलं, "सिरोंच्याले वाजते का हो हे गानं?"

वाजत होतं. रत्नाने ऐकलंही होतं. ते कमलबाईंनी एका संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडता शिंपडता सांगितलं. फोन ठेवून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. मी भिंतीच्या अलीकडे, देवाजीभाऊ पलीकडे खाटेवर.

"रत्नाचा फोन होता. तिच्या दवाखान्यात साऱ्या पोरी नाचून राह्यल्या म्हने गान्यावर."

देवाजीभाऊ सरळ बसले. "मंग? येते म्हनली का?"

"नाई."

"काऊन?"

"म्हनली, आई, त्या गान्यावर साऱ्या गावच्या पोरी माहेरी गेल्या. मले कोनी बोलावलं? गानं तं सगळ्यायले हाय." कमलबाईंनी बादली खाली ठेवली. "म्हनली, बाबाले म्हना, माइक ठेवा आन् बोलवा."

मी घरात जायला हवं होतं, पण पाय निघेना. या एका माणसाने दोन जिल्हे डावीकडे झुकवले होते, आणि आता त्याच्याकडून एक शब्द निघतो की नाही, याची आम्ही दोघं वाट पाहत होतो.

त्यांनी फोन हातात घेतला, रत्नाला लावला. उभे राहिले. चपला काढल्या.

"आलापल्ली मार्गे चंद्रपूरकडे..." त्यांनी सुरुवात केली. तोच भारदस्त आवाज. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, बहुतेक काहीच आलं नसावं. ते थांबले. घसा खाकरला. परत थांबले. ओल्या अंगणात त्यांची पावलं उमटली होती, तिकडेच बघत राहिले.

"रत्ना," ते म्हणाले. "ये वं बाई."

बस, एवढंच. मग घाईघाईने, "सकायच्या गाडीनं ये. ऊन लागते."

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आत जाऊन उगाचच कूलरमध्ये पाणी भरलं.

ती आली त्या दिवशी ऑटो ठरवायच्या निमित्ताने मीही बसस्थानकावर गेलो होतो. यंत्रातल्या बाईने फलाट चुकीचा सांगितला. देवाजीभाऊंनी सुधारला नाही. ऐकलाच नसावा. धुळीने माखलेली गाडी आली, रत्ना उतरली, मागून श्रीनिवास बॅगा घेऊन. बाप-लेक समोरासमोर उभे. मला वाटलं, आता दोघांपैकी कोणीतरी रडणार.

"डाव्या अंगाले बसली होतीस का?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"कुठली बसते, बाबा! तुमच्यापायी सारी गाडी डाव्याच अंगाले बसाले भांडून राह्यली होती. मी उजवीकडे उन्हात भाजत आली."

तिचा उजवा गाल खरंच लाल झाला होता. देवाजीभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिच्या डोक्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन अंगणात आलो. चहा भिंतीवर आलेला होता. देवाजीभाऊ मात्र तिथे नव्हते. उघड्या पुढच्या दारातून दिसलं, घराच्या आतल्या खोलीच्या दाराशी उभे होते, आमच्याकडे पाठ, अनवाणी. दार लोटलेलं होतं, आत लेक झोपलेली. घोषणा चालूच होती, पण इतकी हळू की मला कान द्यावा लागला.

"सिरोंचाहून आलेल्या प्रवाशाने उठण्याची घाई करू नये. परतीची गाडी रद्द करण्यात आली आहे."