लोउ बाईंचे नऊ सेकंद

गप्प बसलेल्या माणसाच्या हातून चूक झाल्याची नोंद जगातल्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आमची शिशुशाळा याच भक्कम पायावर उभी आहे.

चीनच्या चच्यांग प्रांतातल्या बांबूच्या डोंगरात आमचं गाव. पूर्वी इथे बाई मुलांना शिकवत. (ती प्रथा आता बंद आहे.) हल्ली मुलं शिड्या, फळ्या, पिंपं घेऊन आपलं आपण खेळतात आणि खेळता खेळता शिकतात. मोठ्यांसाठी भिंतीवर हातभर अक्षरांत नियम रंगवलाय: तोंड मिटा, हात आवरा, डोळे उघडा. खोटं कशाला बोलू, विचार सोन्यासारखा आहे. मुलांचे गुडघे फुटू लागले आणि डोकी चालू लागली. पण सोनं म्हटलं की तराजू आला, आणि तराजू धरायला माणूस आला. तो मी.

माझं पद निरीक्षण-निरीक्षक. मुलांचं निरीक्षण बाई करतात, बाईंचं मी, माझं मुख्याध्यापिका फान बाई, आणि फान बाईंचं वर्षातून एकदा जिल्हा समिती. गेल्या सत्रात दर मुलामागे चारशे बारा फोटो आणि सदतीस निरीक्षण-अहवाल झाले. (गोष्टी सांगितल्या: शून्य. अहवाल लिहायचे की गोष्टी सांगायच्या?) फोटो रोज पालकांच्या गटावर जातात. ज्याचं नुसतं ढोपर येतं, त्याची आजी अर्ध्या तासात विचारते, "आमच्या बाळाचं तोंड कुठं गेलं?"

आता लोउ त्साइफिंग बाईंविषयी. सहा वर्षं कंत्राटावर. यंदा कायमची एकच जागा निघाली होती, आणि ती ज्यांचे हस्तक्षेप सर्वांत कमी त्यांना मिळणार होती. बाईंचे दोन सत्रांतले हस्तक्षेप शून्य. एकदा एका मुलाचा शेंबूड ओठापर्यंत आला, तेव्हा बाईंचा हात खिशातल्या रुमालापर्यंत गेला होता. मी पाहिलं, पण खिशातल्या रुमालासाठी तक्त्यात रकाना नाही.

समिती आली ती या जागेच्या शेवटच्या परीक्षेलाच. अध्यक्ष गोंग साहेब आणि अकरा सदस्य. प्रत्येकाजवळ निळी वही, बुटकं स्टूल आणि चहाचा थर्मास. सगळे अंगणात ओळीने बसले. मुलांनी पाहुण्यांकडे घटकाभर पाहिलं, आणि पूर्णपणे स्वयंप्रेरणेने नवा खेळ काढला. समिती-समिती. विटांची स्टुलं, पुठ्ठ्याच्या वह्या.

"मी गोंग साहेब!" शितोउ म्हणाला.

"मी फोटो काढणार," चिमुकली लेले म्हणाली.

"मग मूल कोण होणार?"

कोणीच तयार होईना. "मी नाही बाबा," शितोउ म्हणाला. "मुलाला सगळं एकट्यालाच करावं लागतं."

शेवटी मियानमियानवर आलं. वय चार, शाळेत येऊन महिना झालेला, त्यामुळे तिला कोणी विचारलं नाही. ती मुकाट्याने शिडीपासून पिंपापर्यंत पूल बांधू लागली. फळीचं एक टोक शिडीवर टेकलं, दुसरं काही केल्या पिंपावर चढेना. ते डोक्यावर धरून ती उभी राहिली.

"लोउ बाई, हे टोक धरा ना."

बाई वहीत लिहीत राहिल्या.

"काका, तुम्ही धरता?"

गोंग साहेबांना आनंद झाला. त्यांनी लिहिलं, 'भाषिक विकास.' मग तिचे हात थरथरू लागले. ('स्नायूंचा विकास.') ओठ थरथरू लागला. ('भावनांचा विकास.')

"ए, गप!" विटेवरून शितोउ ओरडला. "आम्ही लिहितोय ना!"

"जड आहे," ती म्हणाली, आता कुणालाच उद्देशून नाही. एकोणीस फोटो निघाले.

तेव्हा लोउ बाईंनी वही खाली ठेवली, उठल्या, टोक उचलून पिंपावर ठेवलं. "बघ, बसली का नीट?"

"हो." मियानमियान फळीवरून चालत गेली, आणि पलीकडून तिने हाक मारली, "आता तुम्ही या!"

कालावधी नऊ सेकंद. हस्तक्षेप एक. उच्चारलेले शब्द चार.

शाळेला 'आदर्श मुक्त खेळ'चा फलक मिळाला. फळीवरचा फोटो कडेचे लोउ बाईंचे हात कापून दारात लावलाय, खाली लिहिलंय: मूल आपला मार्ग आपणच शोधतं. लोउ बाईंचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. सामान न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, फळी जड होती हे तुम्हाला दिसत नव्हतं का हो?"

"दिसत होतं," मी म्हणालो. "तशी नोंद केली आहे."

मियानमियान अजून रोज सकाळी फाटकाशी मला विचारते, "लोउ बाई कुठायत?" मी नियम पाळतो.

वाचताना तुमच्याही मनात आलं असेल, अरे, कुणीतरी धरा ती फळी! घाबरू नका. मनात येणं हस्तक्षेपात धरत नाहीत. तुम्ही शेवटपर्यंत तोंड मिटून, हात आवरून, डोळे उघडे ठेवून बसलात. आमच्याकडे ती कायमची जागा अजून रिकामी आहे. अर्ज करा.